लग्नाच्या बायोडाटापासून फेसबुकच्या जाहिरातींपर्यंत: आपली माहिती आवरायची कशी

इंदूरच्या एखाद्या मराठी वधू-वर ग्रुपमध्ये अर्धा तास मागे मागे जाऊन पाहा. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, आईचं माहेरचं आडनाव, मामांचं गाव, सुदामानगर नाहीतर लोकमान्यनगरमधला घर नंबरासकट पत्ता, वडील कुठून निवृत्त झाले, पगार किती, दोन मोबाइल नंबर, तीन फोटो. असे पन्नास-साठ बायोडाटा सहज हाती लागतील. ते मिळवायला कुणाला हॅकर व्हावं लागत नाही. ग्रुपची लिंक कुठूनतरी आली, तिच्यावर बोट ठेवलं, की काम झालं.

आपली माहिती दोन वाटांनी बाहेर जाते. एक वाट म्हणजे आपण स्वतः, किंवा आपल्यावर माया करणारी आत्या-मावशी मंडळी, ती हौसेनं वाटतात. दुसरी वाट म्हणजे कंपन्या ती गुपचूप ओढून घेतात. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि गोंधळ इथेच होतो. फेसबुक प्रोफाइलला कुलूप लावलं की सगळं झालं असं लोकांना वाटतं. ते कुलूप शेजाऱ्यासाठी आहे. घरमालक म्हणजे कंपनी, ती आतच बसलेली असते. पैशाचा आणि मनस्तापाचा फटका पहिल्या वाटेनं लवकर बसतो, म्हणून सुरुवात तिथून करू.

बायोडाटा: एक नव्हे, दोन बनवा

आधी जन्मतारखेचं बघू. यूआयडीएआय म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड ठरलेला असतो: आधारवरच्या इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटचा पासवर्डही जन्मतारखेवरच बेतलेला असतो. ग्राहक सेवेला फोन केला की ओळख पटवायला तिकडून जन्मतारीख आणि आईचं नाव विचारतात. आपण लग्नासाठी जे लिहितो, नेमकं तेच बँक कुलपाची किल्ली म्हणून वापरते. वय लपवून लग्न जमत नाही, त्यामुळे जन्मवर्षाचा अंदाज लागणारच. म्हणून ई-आधारची पीडीएफ हॉटेल, क्लास किंवा झेरॉक्सवाल्याच्या ईमेलवर पाठवण्याची सवय आधी सोडा. द्यावीच लागली तर ‘मास्क्ड’ आधार द्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ते त्याच संकेतस्थळावर उतरवताना मास्क्डच्या चौकोनात खूण केली की मिळतं.

आता पहिला बायोडाटा, ग्रुपवर टाकायचा. त्यात नाव-आडनाव, वय, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र आणि शहर, घरच्यांबद्दल दोन ओळी, अपेक्षा, एक फोटो आणि एकच संपर्क नंबर. कंपनीचं नाव नको. ‘पुण्यात आयटी क्षेत्रात’ एवढं पुरे. पत्त्याऐवजी ‘इंदूर, पश्चिम भाग’ लिहा. पगाराचा आकडा लिहायचा की नाही यावर घराघरांत वाद होतात. आमच्या मते आकडा दुसऱ्या बायोडाटात जावा, कारण पगार, हुद्दा आणि फोन नंबर एकत्र दिसले की गुंतवणुकीच्या आमिषाचे फोन सुरू व्हायला वेळ लागत नाही.

‘मग पत्रिका कशी जुळवायची?’ हा प्रश्न घरातून येतोच. गुणमेलन जन्मनक्षत्र आणि चरणावर होतं. रास, नक्षत्र, चरण, गण, नाडी आणि मंगळ आहे की नाही, एवढी एक ओळ पहिल्या फेरीला पुरते. त्यावरून कुणाला नेमकी तारीख उलट काढता येत नाही, कारण चंद्र तेच नक्षत्र वर्षात तेरा-चौदा वेळा ओलांडतो. कुंडली मांडून बघणाऱ्यांना तारीख, वेळ, स्थळ द्यायचं ते फोनवर बोलणं झाल्यावर.

दुसरा बायोडाटा, म्हणजे पूर्ण माहितीचा, पीडीएफ करून पाठवू नका. पीडीएफ एकदा गेली की गेली. लग्न होऊन पाच वर्षं झाली तरी ती फिरत राहते. तिच्याऐवजी गूगल ड्राइव्हची लिंक पाठवा. पायऱ्या अशा:

१. या कामापुरतं वेगळं जीमेल खातं काढा. लिंक उघडणाऱ्याला फाइल कुणाच्या खात्यातली आहे ते कळू शकतं. रोजचं, बँकेला जोडलेलं खातं त्यात नको.

२. संगणकावर ड्राइव्हमध्ये फाइल चढवा. फाइलला नाव साधं द्या. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल नंबर फाइलच्या नावातच घालणारे खूप आहेत.

३. ‘शेअर’ दाबा, ‘जनरल ॲक्सेस’मध्ये ‘एनीवन विथ द लिंक’ आणि ‘व्ह्यूअर’ निवडा.

४. त्याच खिडकीतल्या दातेरी चक्रावर जाऊन, बघणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट, कॉपी करू देणारी खूण काढून टाका.

५. लग्न ठरलं, किंवा स्थळ नाकारलं, की ‘रिस्ट्रिक्टेड’ करा. तोवर ती लिंक शंभर जणांना फॉरवर्ड झाली असली तरी सगळ्यांकडे दार एकदम बंद होतं.

स्क्रीनशॉट कुणीही काढू शकतो, हे खरं. पण पूर्ण बंदोबस्त होत नाही म्हणून दार सताड उघडं ठेवायचं कारण नाही. दुसरी अडचण जास्त व्यवहारातली आहे: अनोळखी लिंक उघडू नका, हे आपणच आईवडिलांना घोकवलेलं असतं, आणि समोरचे काका-काकूही तेच शिकलेले असतात. म्हणून पहिला बायोडाटा साधं चित्र म्हणून ग्रुपवर टाका, आणि लिंक फक्त फोनवर बोलणं झालेल्या घरीच, ‘आता लिंक पाठवतोय’ असं सांगून पाठवा.

फोटोचंही थोडं बघा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश दडलेले असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतात. पण ‘क्लॅरिटी जाऊ नये’ म्हणून तोच ‘डॉक्युमेंट’ करून पाठवला, किंवा ईमेल केला, की जसेच्या तसे जातात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, आणि जुना फोटो पाठवायचा असेल तर त्याचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवा. मागे दारावरची पाटी, गाडीचा नंबर, गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र दिसतंय का तेही तपासा. फोटोवर आडवं, चेहऱ्याला लागून ‘विवाह परिचयासाठी’ एवढे शब्द फिकट छापले तर खोट्या प्रोफाइलसाठी तो उचलणाऱ्याची पंचाईत होते. कोपऱ्यात छापले तर तो कापून टाकतो.

परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेची एक गंमत असते. पुस्तिका छापली जाते हजार प्रती. छापखान्याकडची पीडीएफ मात्र वर्षभर ग्रुपांतून फिरते. फॉर्म भरतानाच संयोजकांना लेखी सांगा की नंबर फक्त कार्यालयाकडे राहू द्या, पुस्तिकेत नोंदणी क्रमांक छापा.

आणि जी मंडळी असे ग्रुप चालवतात त्यांच्यासाठी तीन कामं. ग्रुपच्या माहितीत जाऊन ‘इन्व्हाइट व्हाया लिंक’मध्ये ‘रीसेट लिंक’ करा, म्हणजे कुठे कुठे चिकटवलेली जुनी लिंक मरते. ‘अप्रूव्ह न्यू मेंबर्स’ चालू करा. आणि शक्य असेल तर साध्या ग्रुपऐवजी ‘कम्युनिटी’ काढून तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये बायोडाटा टाका: तिथे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, फक्त ॲडमिनला दिसतात. साध्या ग्रुपमध्ये १,०२४ पर्यंत माणसं मावतात आणि प्रत्येकाला बाकी सगळ्यांचा नंबर दिसतो, हे आपण विसरून जातो. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा ग्रुप असो की सोसायटीचा, हिशोब हाच.

व्हॉट्सॲप: वीस मिनिटांचं काम

२०२५ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की नंबर एकामागून एक तपासत गेलं तर जगभरातली सुमारे ३५० कोटी व्हॉट्सॲप खाती शोधता येतात, आणि ज्यांनी फोटो सगळ्यांना खुला ठेवलाय त्यांचा फोटोही मिळतो. कंपनीनं नंतर त्यावर आळा घातला. पण फोटो खुला ठेवायचा की नाही हे आपल्याच हातात होतं आणि आहे.

‘सेटिंग्ज’मधून ‘प्रायव्हसी’त जा. ‘प्रोफाइल फोटो’, ‘अबाउट’ आणि ‘लास्ट सीन’ तिन्ही ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणा. लास्ट सीन लपवलं की दुसऱ्याचंही दिसेनासं होतं. सासू-सुनांमध्ये यावरून कुरबूर झाली तर कारण हे आहे. खाली ‘ग्रुप्स’मध्येही ‘माय कॉन्टॅक्ट्स’ निवडा. मग अनोळखी माणूस तुम्हाला परस्पर शेअर बाजाराच्या टिप्सच्या ग्रुपात ढकलू शकत नाही. त्याला आमंत्रण पाठवावं लागतं आणि ते तुम्ही दुर्लक्षित करू शकता. ‘कॉल्स’मध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू करा. ‘डिजिटल अटक’वाल्यांचा व्हिडिओ कॉल वाजणारच नाही, नोंद मात्र यादीत दिसेल.

मग ‘अकाउंट’मधून ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’. सहा आकड्यांचा पिन ठेवा आणि सोबत ईमेलही द्या. ईमेल न देता पिन विसरलात तर सात दिवस ताटकळावं लागतं. पिन म्हणून जन्मतारीख ठेवू नका. का, ते वर आलंच आहे.

‘लिंक्ड डिव्हाइसेस’ तर आत्ता, हा लेख वाचता वाचता उघडा. भंवरकुआंच्या झेरॉक्सच्या दुकानात ॲडमिट कार्ड छापायला मुलं व्हॉट्सॲप वेब उघडतात, प्रिंट घेतात आणि लॉगआउट न करता निघून येतात. दुकानातल्या संगणकावर त्यांचे मेसेज येतच राहतात. यादीत ओळखीचं नसलेलं जे दिसेल त्यावर बोट ठेवून ‘लॉग आउट’ करा. पुढच्या वेळी फाइल पेन ड्राइव्हवर न्या.

बॅकअपचं कलम बहुतेक जण सोडून देतात. मेसेज पाठवताना कुलूपबंद असतात, पण गूगल किंवा आयक्लाउडवर जाणारा बॅकअप आपोआप तसा नसतो. ‘चॅट्स’, ‘चॅट बॅकअप’, ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ असं जाऊन तो चालू करावा लागतो. पासवर्ड किंवा ६४ अंकांची किल्ली मिळते. ती हरवली तर कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही, त्यामुळे कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’वर भिस्त ठेवू नका. ते साधारण अडीच दिवसांपर्यंतच चालतं, आणि समोरच्यानं फॉरवर्ड केलेली किंवा गॅलरीत उतरलेली प्रत तशीच राहते. आधारचा फोटो एकाच माणसाला द्यायचा असेल तर ‘व्ह्यू वन्स’ची १ ची खूण दाबून पाठवा.

मेसेज कुलूपबंद आहेत म्हणजे व्हॉट्सॲपला काहीच कळत नाही, असंही नाही. तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता, कुठल्या ग्रुपात आहात, कुठला फोन वापरता, इंटरनेटचा पत्ता कुठला, हे कुलपाबाहेरचं आहे. जानेवारी २०२१ मध्ये ‘नवं धोरण मान्य करा’ अशी जी खिडकी सगळ्यांच्या फोनवर आली होती, तिचा वाद या बाहेरच्या माहितीबद्दल होता. त्याच प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीला, २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला. मेटा एआयच्या निळ्या वर्तुळाला विचारलेले प्रश्न हेही कुलपाबाहेरचे, हे घरातल्या मोठ्यांना सांगा. गुडघेदुखीपासून मालमत्तेच्या वाटणीपर्यंत काहीही तिथे विचारलं जातं.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम: आधी मित्रयादी लपवा

खोटं प्रोफाइल कसं तयार होतं ते समजलं की काय लपवायचं ते आपोआप कळतं. भामट्याला तीन गोष्टी लागतात: तुमचा फोटो, तुमचं नाव आणि ज्यांच्याकडे पैसे मागायचे त्यांची यादी. फोटो आणि नाव कुठूनही मिळतं. यादी मात्र तुमच्या प्रोफाइलवरच खुली असते. मग ‘मित्राची बदली झालीय, फर्निचर स्वस्तात विकतोय’ असा मेसेज तुमच्या नावानं तुमच्याच सहकाऱ्यांना जातो. म्हणून सगळ्यात आधी: ‘सेटिंग्ज’, ‘हाउ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू’, ‘हू कॅन सी युअर फ्रेंड्स लिस्ट’, तिथे ‘ओन्ली मी’.

त्याच पानावर फोन नंबर आणि ईमेलवरून तुम्हाला कोण शोधू शकतं, ते दोन्ही ‘ओन्ली मी’ करा. ही ओळ किरकोळ वाटते. २०२१ मध्ये सुमारे ५३ कोटी फेसबुक वापरकर्त्यांचे नंबर उघड्यावर आले. कुणी सर्व्हर फोडला नव्हता. फोनमधले नंबर चढवून मित्र शोधून देणारी जी सोय होती, तिच्यातूनच ते खरवडून काढले होते. तेव्हा ‘अपलोड कॉन्टॅक्ट्स’ही बंद करा. ते ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये ‘युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’खाली आहे. नुसतं बंद केलं की पुढचे नंबर जायचे थांबतात, आधी गेलेले तिथेच राहतात. ते वेगळे डिलीट करावे लागतात. तुमच्या फोनबुकात फक्त तुमची माहिती नसते, इंदूर-पुणे-नागपूरचं अख्खं गोत असतं.

‘लिमिट हू कॅन सी पास्ट पोस्ट्स’ एकदाच दाबा. २०११ सालापासून ‘पब्लिक’ पडलेल्या सगळ्या पोस्टी एका फटक्यात मित्रांपुरत्या होतात. जन्मतारखेत दिवस-महिना मित्रांना, वर्ष ‘ओन्ली मी’. शुभेच्छा तरीही येतील.

प्रोफाइलला कुलूप लावण्याची सोय भारतात मे २०२० पासून आहे, ती जरूर वापरा. पण नाव आणि छोटा फोटो कुलपानंतरही दिसतो, आणि कुलूप लागलं तरी अनोळखी ‘फ्रेंड रिक्वेस्ट’ स्वीकारली की तो माणूस आत आलाच. इन्स्टाग्रामवर ‘अकाउंट प्रायव्हसी’मध्ये ‘प्रायव्हेट अकाउंट’. तिथेही वरची ओळख, म्हणजे ‘बायो’, खुली राहते. मुलीच्या बायोमध्ये शाळेचं नाव, वर्ग आणि क्लासची बॅच लिहिलेली असेल तर खासगी खात्याचा उपयोग अर्धाच.

रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर उभं राहून फोटो टाकला तर फारसं बिघडत नाही, सगळं शहरच तिथे असतं. पंढरपूरला किंवा दुबईला पोचल्यावर रोज फोटो टाकणं वेगळं: घराला आठ दिवस कुलूप आहे असं त्यातून जाहीर होतं. परत आल्यावर टाका. सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाचा फोटो दुसऱ्या दिवशीही तेवढाच चांगला दिसतो.

आता कंपनी काय ओढते ते

राजवाड्याजवळच्या दुकानात साडी घेताना बिलावर मोबाइल नंबर लिहून घेतात. चार दिवसांनी त्याच दुकानाची जाहिरात इन्स्टाग्रामवर दिसते, आणि घरात चर्चा सुरू होते की फोन आपलं बोलणं ऐकतो. ऐकायची गरजच नसते. दुकानदार ग्राहकांच्या नंबरांची यादी सांकेतिक रूपात मेटाकडे चढवू शकतो; मेटा ती आपल्या खात्यांशी जुळवते आणि जुळलेल्यांना जाहिरात दाखवते. याशिवाय असंख्य संकेतस्थळांवर मेटाच्या कोडचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. तुम्ही विम्याचा हप्ता बघितलात, बूट टोपलीत टाकून सोडून दिलेत, की तो तुकडा तेवढं कळवतो.

हे आपल्या डोळ्यांनी बघता येतं. ‘अकाउंट्स सेंटर’, ‘युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’, ‘युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज’. कुठल्या ॲपनं आणि संकेतस्थळानं तुमच्याबद्दल कळवलं त्याची यादी येते. ‘क्लिअर प्रीव्हिअस ॲक्टिव्हिटी’ करा, पण तिथेच थांबू नका. बहुतेक लोक इथेच चुकतात. साफ केलेली यादी पुढच्या आठवड्यात पुन्हा भरते. ‘मॅनेज फ्यूचर ॲक्टिव्हिटी’मध्ये जाऊन ‘डिस्कनेक्ट फ्यूचर ॲक्टिव्हिटी’ केलं तरच ती माहिती तुमच्या खात्याशी जोडली जायची थांबते. याचा एक तोटा: फेसबुकनं लॉगिन करता अशा ॲपांमध्ये अडकायला होऊ शकतं, त्यामुळे आधी त्या ॲपांना वेगळा ईमेल-पासवर्ड देऊन ठेवा.

पुढे ‘ॲड प्रेफरन्सेस’. त्यात ‘ऑडियन्स-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग’ उघडलं की यादी चढवणाऱ्या जाहिरातदारांची नावं दिसतात. वाचून करमणूक होते. ‘कॅटेगरीज यूज्ड टू रीच यू’मध्ये कंपनीनं तुम्हाला कुठल्या कुठल्या रकान्यात घातलंय ते दिसतं, नको ते काढा. जाहिरातींची संख्या यानं कमी होत नाही, त्या फक्त कमी नेमक्या होतात.

‘ॲप्स अँड वेबसाइट्स’मध्ये ‘तुमचा मागचा जन्म कुठला’ छापाच्या जुन्या प्रश्नमंजूषा अजून बसलेल्या सापडतील. सगळ्या काढा. फेसबुकवरची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याच्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात, जे २०१८ मध्ये उघडकीला आलं, भारतात असलं एक ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. फेसबुकच्याच आकड्यानुसार त्यातून ५ लाख ६२ हजारांवर भारतीयांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती, कारण ॲप घेणाऱ्यामागून त्याच्या मित्रांचीही माहिती ओढली जात होती. तेव्हाची ती पळवाट नंतर बुजवली, पण ॲप काढलं तरी त्यानं आधी नेलेली माहिती परत येत नाही.

वेळ असेल तर ‘डाउनलोड युअर इन्फर्मेशन’ एकदा कराच. काही आवृत्त्यांत त्याला ‘एक्स्पोर्ट’ म्हणतात. ‘एचटीएमएल’ निवडा, ‘जेसन’ माणसाला वाचायला सोयीचं नाही. फाइल तयार व्हायला काही तास ते काही दिवस लागतात, आणि तयार झाल्यावर लिंक थोडेच दिवस जिवंत असते. झेरॉक्सच्या दुकानात ती उघडू नका.

मेनूंची नावं कंपन्या अधूनमधून हलवतात. वर दिलेली पायरी सापडली नाही तर सेटिंगच्या शोधपट्टीत त्यातला एक शब्द टाका.

फोनमधल्या परवानग्या

अँड्रॉइडवर ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी’, ‘ॲड्स’मध्ये ‘डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी’ आहे. वेगवेगळी ॲपं तुम्हाला याच क्रमांकानं एकमेकांत ओळखतात. तो पुसला की दुवा तुटतो. ‘परमिशन मॅनेजर’ उघडून ‘लोकेशन’, ‘कॉन्टॅक्ट्स’ आणि ‘मायक्रोफोन’ हे तीनच आधी बघा. टॉर्चच्या ॲपला कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत? फेसबुक-इन्स्टाग्रामला लोकेशन द्यायचंच असेल तर ‘व्हाइल यूजिंग’ निवडा आणि ‘प्रिसाइज’ बंद करा; मग घर कुठलं ते न कळता फक्त भाग कळतो. फोटोंची परवानगी मागितली तर नव्या अँड्रॉइडवर आणि आयफोनवर ‘निवडक फोटो’ असा पर्याय येतो. आयफोनवर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘ट्रॅकिंग’ बंद करा, काम संपलं. झटपट कर्ज देणारी ॲपं कॉन्टॅक्ट्स मागतात ती वसुलीच्या वेळी नातेवाइकांना फोन करायला, हे मात्र लक्षात असू द्या.

मुलगा पुण्याला गेला आणि इंदूरचा नंबर बंद केला, तर आधी प्रत्येक खात्यातला नंबर बदलून घ्या. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, आणि मग तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात. आपल्या नावावर किती सिमं आहेत ते ‘संचार साथी’ संकेतस्थळावर दिसतं. अनोळखी नंबर असेल तर तिथेच ‘नॉट माय नंबर’ नोंदवता येतं.

गडबड झालीच तर

पैसे गेले असतील तर बाकी काही करण्याआधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता जास्त असते. मग ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार आणि तिचा क्रमांक. बायकांचे खासगी फोटो कुणी पसरवत असेल तर त्या संकेतस्थळावर वेगळा विभाग आहे. असे फोटो समाजमाध्यमांवर पसरू नयेत म्हणून असलेल्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत फोटो चढवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा बनतो आणि फक्त तो कंपन्यांकडे जातो.

कंपनीकडे तक्रार करायची तर २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या समाजमाध्यमांना भारतात तक्रार निवारण अधिकारी ठेवणं बंधनकारक आहे. त्याच्या निर्णयानं समाधान झालं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर आलेल्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आपली माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे, दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. तोवर आयटी नियमांचाच आधार घ्या.

खोट्या प्रोफाइलची तक्रार करताना नुसता स्क्रीनशॉट नेतात आणि तिथे गाडी अडते. एकाच नावाची पंधरा प्रोफाइलं असतात, भामटा नाव बदलतो, आणि तुम्ही ‘रिपोर्ट’ दाबल्यावर प्रोफाइल उडालं तर पुरावाही उडतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रोफाइलच्या तीन टिंबांमधून ‘कॉपी लिंक’ करून ती लिंक स्वतःलाच मेसेज करा, मग तारीख-वेळ दिसेल असा अख्ख्या पडद्याचा स्क्रीनशॉट, पैसे मागितलेला मेसेज ज्याला आला त्याच्याकडून मूळ संवादाचा, यूपीआय क्रमांक किंवा क्यूआर कोडसकट स्क्रीनशॉट. हे तिन्ही हातात आल्यावर ‘रिपोर्ट’ दाबा, आणि लगेच आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसवर लिहा की माझ्या नावानं कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका, आधी मला फोन करा.